तिसरी प्रत

नया बाजार, लश्कर, ग्वाल्हेर
१४ सप्टेंबर २०२५

चि. सीमंतिनीस,

एकोणीस महिन्यांनी लिहितो आहे. अशा पत्राचा आरंभ आशीर्वादाने व्हावा हे मला ठाऊक आहे, कॉलेजात मी शिकवतोही तेच. पण आज आरंभ तक्रारीने होईल. तू पाठवलेल्या पुडक्याला जी चिकटपट्टी गुंडाळली होतीस, तिने आपला अडकित्ता मोडला. आजोबांचा, पितळी, पोपटाच्या तोंडाचा. दरबारच्या चार पुरोहितांची सुपारी ज्याने कातरली, तो एका चिकटपट्टीपुढे हरला. आधी मी कात्री चालवली, मग सुरी. तुझी राजलक्ष्मीवहिनी म्हणाली, आता दातच उरलेत. म्हणून अडकित्ता लावला आणि खट्‌कन आवाज झाला. राजलक्ष्मीने दोन्ही तुकडे देवघरात ठेवले आहेत. युद्धात कामी आलेला आपल्या घराण्यातला हा पहिलाच.

पाच थरांखाली निघाली एक काळी डबी, साबणाच्या वडीएवढी, आणि तुझी चिठ्ठी. ही हार्ड डिस्क आहे, दोन वर्षांचं चित्रण आहे, कपाटात ठेव. लावून बघू नकोस, उघडू नकोस, पाणी लागू देऊ नकोस, कुणाला सांगू नकोस, आणि मी कुठल्या देशात आहे ते कागदावर लिहू नकोस. एक विनंती, पाच नकार, खुशालीचा शब्द शून्य. अक्षर मात्र अजून आईसारखंच आहे.

उलगडा तुझ्या गरिमाने फोनवर केला. दिल्लीत बसून तुझी चित्रं जोडणारी ही मुलगी मला अगदी सावकाश समजावत होती, जसं मी पहिल्या वर्षाच्या मुलांना संस्कृतातले संधी समजावतो. युद्धात चित्रीकरण करणारी माणसं म्हणे प्रत्येक दिवसाच्या तीन प्रती करतात आणि तीन जागी ठेवतात. एक तुझ्या पाठीवरच्या पिशवीत, दुसरी तुझ्या दुभाष्याकडे, आणि तिसरी लढाईपासून लांब, अशा माणसाकडे ज्याला कसलंही कुतूहल नाही. हे शेवटचं लक्षण सांगताच तू माझं नाव घेतलंस म्हणे. आभारी आहे.

तीन प्रतींचं मला अप्रूप वाटलं नाही. बाबांच्या पाठशाळेत एकच संहिता अकरा तऱ्हांनी पाठ करून घेत. पोथी जळेल, माणूस मरेल, एक तरी पाठ उरला पाहिजे. तू बाहेर पडवीत बसून ऐकायचीस, कारण मुलींना आत घेत नसत. तू लांब जाऊन त्याच धंद्यात पडलीस, एवढंच.

डिस्क पोथ्यांच्या कपाटात ठेवली आहे, लाल कापडात बांधून, शेजारी वेखंडाची पुरचुंडी. कसर लागणार नाही.

ही पत्रं टपालाने तुझ्यापर्यंत पोचत नाहीत असं कळलं. गरिमा दिवाळीच्या सुमाराला डिस्क न्यायला येईल आणि पुढे तुझ्याकडे जाईल, तेव्हा तिच्याच हाती देईन. तोवर साठवतो.

दादा

ता. क. वहिनी विचारते, जेवतेस का.


४ ऑक्टोबर

चि. सीमंतिनी,

दसरा पार पडला. डिस्क सुखरूप आहे.

दोन वर्षांनी सण झाला. गेल्या वर्षी आईचं वर्ष होतं. माझ्या विद्यार्थ्यांनी फोनवर सोन्याची चित्रं पाठवली, ती मी फोनवरच लुटली. खंडेनवमीला पाट मांडला. आजोबांची दौत, बाबांच्या पोथ्या, राजलक्ष्मीचं शिवणाचं यंत्र, आणि जखमी म्हणून अडकित्ता. सगळं मांडून झालं तरी उजवीकडे एक जागा रिकामी दिसायला लागली. तिथे आई दरवर्षी काय ठेवायची हे तुला कुणी सांगितलं नसेल. शाळेत तुला बक्षीस मिळालेला तो डबा कॅमेरा. तू घरी असायचीस तेव्हा नाही, तू गेल्यापासून. वीस दसरे. त्याला हळदकुंकू लावून म्हणायची, हिच्या हातात जे असेल ते नीट चालू दे. आई गेल्यावर आवराआवरीत तो कॅमेरा कुठे गेला, सापडत नाही.

असो.

एक निव्वळ शास्त्रीय शंका आहे. पाणी लागू देऊ नकोस असं तू लिहिलंस, ते किती पाणी? म्हणजे तांब्याभर, की फुलाने शिंपडलं तर तेही मोजायचं? घाई नाही. सहज विचारलं.

दादा


९ ऑक्टोबर

सीमंतिनी,

काल गरिमाचा फोन आला. आरंभीच म्हणाली, "दीदी बिल्कुल ठीक हैं." ज्या बातमीच्या आरंभी 'बिल्कुल' लागतं ती मी उभ्याने ऐकत नाही, म्हणून खुर्ची ओढली. तुमच्या गाडीवर मारा झाला. तू आणि दुभाषी चार मिनिटं आधी उतरला होतात, एका घराचं दार ठोठावायला. पिशवी गाडीतच होती. पहिली प्रत गेली. दुसरी, दुभाष्याच्या माणसाकडून, सीमेवरच्या चौकीत आठवड्यापूर्वीच जप्त झाली होती. गरिमा म्हणाली, आता सगळं तुमच्याकडे आहे, दादा. त्या गावांतल्या माणसांनी जे सांगितलं ते दुसरीकडे कुठेच नाही. त्यातले काही जण आता सांगायला उरलेलेही नाहीत.

मी म्हणालो, चिंता नको, पोथ्यांच्या कपाटात आहे.

आता मागच्या पत्रातलं दुसरं वाक्य खोडायला हवं. ते पत्र फाडता आलं असतं, अजून घरातच आहे. पण पंचावन्नाव्या वर्षी मी खोटं किती सफाईने लिहितो हे तुलाही कळू दे. डिस्क सुखरूप नव्हती. आईच्या त्या रिकाम्या जागी मी तीच ठेवली. हळदकुंकू वाहिलं, अक्षता वाहिल्या, फुलाने पाणी शिंपडलं. हात सैल सुटला असणार. मग तशीच ओली लाल कापडात बांधून वेखंडाशेजारी ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी उगाच शंका आली म्हणून कॉलेजच्या लॅपटॉपला लावून पाहिली. दिवा लागला नाही. मी परत बांधून ठेवली आणि तुला शास्त्रीय शंका विचारली.

काल फोन ठेवला आणि टेंपो पकडून मुरारला गेलो. तिथे छावणीजवळ विक्रमसिंह म्हणून फौजेच्या सिग्नलमधून निवृत्त झालेला हवालदार संगणक दुरुस्त करतो. आपल्यासारखाच दक्षिणेतून आलेल्यांचा वंशज. त्यांचे लोक तलवार घेऊन आले, आपले पंचांग घेऊन. त्याने डोळ्याला भिंग लावलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "सर, ह्याच्यात तांदूळ आहे."

मी म्हणालो, अक्षता आहे.

"तेच. अंदर जाऊन फुगली आहे. आणि हे लाल?"

मी म्हणालो, कुंकू. त्याने मान हलवली. त्यात थट्टा नव्हती, आणि का ते वर पाहिल्यावर कळलं. त्याच्या दुकानातल्या एकूण एक संगणकाला कुंकवाचं बोट होतं. "आम्हीपण करतो ना, सर," तो म्हणाला. "पण वरती लावायचं असतं. छेदात नाही."

वायर लावायची जागा सडली आहे. आतली चकती वाचली असेल तर तो ती सोडवून दुसऱ्या डबीत बसवणार आहे. चालली तर चालली. दोन दिवस मागितले. त्यात काय आहे हे त्याला सांगावं लागलं. म्हणजे तुझ्या पाच नकारांपैकी चार मी मोडले. पाचवा शाबूत आहे, तो केवळ तुझ्या त्या देशाचं नाव मला नीट उच्चारता येत नाही म्हणून.

राजलक्ष्मीला मी काही बोललो नाही. तिने आपण होऊन अडकित्त्याचे तुकडे देवघरातून काढून अजून न उचललेल्या पाटावर त्या रिकाम्या जागी ठेवले आणि विचारलं, सीमाचं काय बिघडवलंत?

दादा


१३ ऑक्टोबर

सीमे,

चालली.

विक्रमसिंहाने सगळं दोन नव्या डिस्कांवर उतरवून घेतलं आहे. एक त्याच्याकडे, एक थाटीपुरात राजलक्ष्मीच्या माहेरी, मूळ माझ्याकडे. तिन्ही ठिकाणी पूजेला मनाई केली आहे.

उतरलेलं धड आहे की नाही हे पाहायचं तर उघडून पाहावं लागतं. मी म्हणालो, बहिणीची मनाई आहे. तो म्हणाला, बरोबर आहे, मग मी बघतो, तुम्ही तिकडे तोंड करून बसा. मी तिकडे तोंड करून बसलो. तिकडे काचेचं कपाट होतं. पहिली दहा मिनिटं मी तुझं काम काचेत उलटं पाहिलं. मग खुर्ची फिरवली.

तीन दिवस रोज दुपारनंतर मुरारला जातो आहे. त्याबद्दल काय लिहावं ते मला समजत नाही, आणि असं मला होत नाही हे तू जाणतेस. मला वाटलं होतं, युद्धाची फिल्म म्हणजे धूर, धावपळ आणि मागे कुणीतरी जड आवाजात बोलणारा. तू एका बाईला बटाटे सोलताना बारा मिनिटं दाखवतेस. तिच्या मागे भिंत नाही, आभाळ आहे. ती साल फार पातळ काढते. इतकी पातळ का काढते, हे मला सातवा बटाटा संपला आणि तिने सालींचीही वेगळी पुरचुंडी बांधली तेव्हा कळलं. तू काहीच सांगितलं नव्हतंस. नुसती थांबली होतीस. मी तीस वर्षं वर्गात उभा आहे. गप्प राहून दुसऱ्याला कळू देणं मला एकदाही जमलेलं नाही.

विक्रमसिंह वेगळंच पाहतो. बाई बटाटा सोलत असते आणि तो म्हणतो, ताई आता पोटावर आहेत. ताईंनी भिंतीचा आडोसा सोडला. आवाज तिकडून येतोय, सर, आणि ताई मुद्दाम तिकडेच पाठ करून आहेत, कारण उजेड ह्या बाजूला आहे. असं चित्राच्या बाहेरचं त्याने मला तीन दिवस वाचून दाखवलं. मी आजवर भाष्यं पुष्कळ वाचली, पण असं एकही नाही.

आणि मग तळघरातला म्हातारा.

भाषा मला एक अक्षर कळली नाही. पण तो पाच-सात शब्द बोलला आणि अंगठा बोटाच्या पेरावरून पुढे सरकला, तेव्हाच मी विक्रमसिंहाला म्हणालो, हा बोलत नाही, पाठ म्हणतो आहे. पेरं मोजत होता. एका जागी अडखळला, डोळे मिटले, आणि सरळ पहिल्यापासून सुरू केलं. आपल्याकडे अगदी असंच. गरिमाला फोन करून विचारलं. तिला ते तुझ्याकडून कळलं होतं. तो आपल्या रस्त्यावरची एकशे त्रेचाळीस घरं क्रमाने सांगतो आहे. कुठल्या घरात कोण राहत होतं आणि कोण गेलं. नगरपालिकेची दप्तरं जळाली, रस्ताही राहिला नाही. त्याच्याखेरीज कुणाला ते सगळं येत नाही, आणि त्यालाही मधूनच सुरू करता येत नाही. दोनदा तुटलं होतं. ही तिसरी खेप होती.

चित्राच्या कोपऱ्यात तारीख होती. ११ फेब्रुवारी २०२४. वेळ सकाळची सहा अठ्ठावन्न.

आपल्याकडे तेव्हा दहा अठ्ठावीस होतात. माझ्या फोनमध्ये ती नोंद अजून आहे, मी पुसलेली नाही. हॉस्पिटलच्या व्हरांड्यातून मी तुला आठ वेळा फोन लावला. आई दहा वाजून दहा मिनिटांनी गेली होती.

म्हातारा चाळिसाव्या घराच्या आसपास होता आणि तुझ्याजवळ कुठेतरी लाकडावर फोन घरघरायला लागला. विक्रमसिंह म्हणाला, कुणाचा तरी फोन आहे. मी त्याला सांगितलं, माझा आहे. माझा फोन मी पलीकडून ऐकला, सीमे. थांबला, पुन्हा सुरू झाला. पाचव्या वेळी तुझा आवाज आला, अगदी हळू, मराठीत: "थांब रे दादा."

तो म्हातारा पुढे गेला. तू कॅमेरा हलवला नाहीस. फोन आठव्यांदा वाजून बंद झाला आणि अजून सत्तर घरं बाकी होती. त्याने ती सगळी सांगितली. शेवटचं घर त्याचं स्वतःचं होतं. ते मला भाषा न येता कळलं. मग तू कॅमेरा जमिनीवर टेकवलास. पुढे नऊ मिनिटं चित्रात फक्त एक बादली आहे, त्याचे बूट आहेत, एकाला काळी नाडी आणि एकाला सुतळी. ते बूट उठून जातात, परत येतात, आणि तुझ्या बाजूला पाण्याचा पेला धरलेला हात खाली येतो.

पाच दिवसांनी तुझा फोन लागला तेव्हा तू इतकंच म्हणालीस की काम मधे सोडता आलं नाही. आणि मी म्हणालो, आईपेक्षा दुसऱ्यांचे म्हातारे जवळचे झाले, तर आता तिकडेच राहा. तू राहिलीस.

पाठ म्हणणाऱ्याला मधे थांबवायचं नाही, हा बाबांचा नियम. पाठशाळेत साप निघाला तेव्हाही त्यांनी हाताने खूण करून सगळ्यांना जागच्या जागी बसवलं होतं, आठवतं? आत बसून तो नियम आम्ही चौदा मुलं शिकलो. आई जात असताना तो तू एकटीने पाळलास, आणि तुला तर आत घेतलंच नव्हतं.

माधव


१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

सीमे,

गरिमा सकाळच्या गाडीने आली. मला वाटलं होतं त्याहून वयाने मोठी निघाली, आणि बटाटेवड्याला आलू बोंडा म्हणाली तेवढं सोडल्यास वागायला नीट आहे. जेवून डिस्क घेऊन ती संध्याकाळी परत निघेल. राजलक्ष्मीने तुझ्यासाठी चकल्या दिल्या आहेत, तिळाची गजक दिली आहे, आणि लोकरीचे मोजे. गजकेच्या डब्याला मी मुद्दाम तुझ्याच जातीची चिकटपट्टी लावली आहे. बघू कुठला देश तो उघडतो.

ती जेवते आहे तोवर हे शेवटचं लिहितो. डिस्कवर जे वाचलं त्यातलं महत्त्वाचं तेवढं गरिमाला दाखवलं. त्या म्हाताऱ्याच्या वेळी ती उठून अंगणात गेली. परत आल्यावर म्हणाली, ही फिल्म झाली की लोक दीदींच्या हाताबद्दल बोलतील. असा स्थिर हात कुणाचा नाही.

त्या हाताबद्दलच लिहायचं आहे.

मी आता सगळं पाहिलं आहे, काही दोनदा. आरंभीच्या महिन्यांत बाहेर काही फुटलं की चित्र उडतं. दर वेळी. मला ते पाहून बरं वाटलं होतं, कारण ती तू होतीस. दिवाळीत कानात कापूस घालून आईच्या पदराखाली बसणारी, नया बाजारात कुणी लवंगी फोडली तरी हातातली करंजी टाकणारी. तळघरातल्या त्या सकाळीही लांब काहीतरी कोसळतं तेव्हा चित्र किंचित हलतं, केसाएवढं. त्यानंतर नाही. त्यानंतरच्या दीड वर्षात एकदाही नाही. मार्चमध्ये रस्त्यापलीकडचं घर पडतं, धुळीने पडदा पांढरा होतो, आणि धूळ बसते तेव्हा चौकट जिथे होती तिथेच असते.

मी विक्रमसिंहाला विचारलं, हे सरावाने होतं का? तो म्हणाला, सरावाने कमी होतं, सर, जात नाही. जायला नको. बावीस वर्षांच्या नोकरीत त्याने असा हात दोघांचाच पाहिला. मी विचारलं, त्या दोघांचं पुढे काय झालं? त्याने हाक मारून समोरून दोन चहा मागवले आणि माझ्याशी कॉलेजच्या पेन्शनबद्दल बोलायला लागला.

आत्ता खाली गल्लीत कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला. माझ्या हातून 'पेन्शन'वर शाई सांडली, ती तुला दिसेलच. दचकणाऱ्या माणसाचं पाऊल आपोआप मागे येतं. मारा होण्याआधी चार मिनिटं तू गाडीतून उतरलीस ती दार ठोठावायला उतरलीस, भीती वाटून नाही. तुझं काम जगात कुणाला जमत नसेल, मी ते हात जोडून पाहिलं आहे. मला त्या कामाची काळजी नाही. तिन्ही प्रती जागेवर आहेत. मला तुझी काळजी वाटते. तू आता दचकत नाहीस, आणि ते मी फोनवर जे बोललो तेव्हापासून थांबलं आहे, असं मला वाटतं.

ते मी बोलायला नको होतं. मला भीती वाटते, सीमे. घरी ये.

दादा